नाण्यातला धातू आणि नाण्याची किंमत : वाचकांचे प्रश्न

तांब्याचे भाव चढू लागले की या सदराकडे नाण्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे : रोजच्या व्यवहारातील नाण्यात त्याच्या दर्शनी किमतीहून अधिक किमतीचा धातू असेल, तर ते खर्च न करता साठवून ठेवण्यात शहाणपण आहे का? पुण्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेली काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा वाडा पुनर्विकासाला देण्यापूर्वी आवराआवर करताना वडिलांनी साठवलेली नाणी सापडली. रुपयाची जुनी मोठी नाणी, भारताचा नकाशा असलेली दोन रुपयांची अकरा कोनांची नाणी आणि पाच रुपयांची जाड, जड नाणी मिळून वजन नऊ किलोच्या घरात आहे. वडील नेहमी म्हणत, ‘यात खरा धातू आहे, ही कुणाला देऊ नका.’ ओळखीचा एक भंगार व्यापारी ही नाणी किलोवर घ्यायला तयार आहे आणि तो दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे देतो आहे. द्यावीत का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : देऊ नयेत. त्याची कारणे मात्र सविस्तर सांगितली पाहिजेत, कारण आपल्या वडिलांचे म्हणणे धातूपुरते पाहिले तर अगदी बरोबर होते.

आपण वर्णन केलेली तिन्ही प्रकारची नाणी तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची आहेत. त्यात तांबे ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के असते. एवढे निकेल मिसळले की तांब्याचा तांबूसपणा पूर्ण लोपतो, म्हणून ही नाणी चांदीसारखी पांढरी दिसतात. १९७५ पासून १९८२ पर्यंतचा रुपया या धातूचा आणि ८ ग्रॅम वजनाचा होता, तर १९८३ पासून १९९१ पर्यंतचा ६ ग्रॅमचा. नकाशाचे दोन रुपयेही ६ ग्रॅमचे आहेत आणि पाच रुपयांचे जाड नाणे ९ ग्रॅमचे. आपल्या साठ्यात १९६२ ते १९७४ या काळातले रुपये असतील तर ते शुद्ध निकेलचे, प्रत्येकी १० ग्रॅमचे आहेत.

आता हिशेब करू. भाव रोज बदलतात, म्हणून उदाहरणादाखल तांबे किलोला ९०० रुपये आणि निकेल किलोला १,४०० रुपये धरतो. या भावाने तांबे-निकेल मिश्रधातूच्या एक किलोत तांबे ६७५ रुपयांचे आणि निकेल ३५० रुपयांचे, म्हणजे एकूण १,०२५ रुपयांचा धातू होतो. हाच किलो ६ ग्रॅमच्या रुपयांचा असेल तर त्यात सुमारे १६७ नाणी येतात आणि त्यांची दर्शनी किंमत १६७ रुपये होते. दोन रुपयांची नाणी असतील तर ३३३ रुपये, पाचांची असतील तर ५५६ रुपये. धातू एकच, वजनही तेच, पण रुपयाच्या नाण्यात दर्शनी किमतीच्या सहापट धातू आहे आणि पाचाच्या नाण्यात दुपटीहून थोडा कमी. कागदावर हे आकडे मोहात पाडणारे आहेत यात शंका नाही.

पण १,०२५ रुपये ही शुद्ध तांबे आणि शुद्ध निकेल वेगवेगळे हातात असल्याची किंमत आहे. आपल्या हातात मिश्रधातू आहे आणि त्यातून दोन्ही धातू वेगळे काढायचे तर रासायनिक किंवा विद्युत शुद्धीकरणाचा कारखाना लागतो. तांबट आळीतल्या कारागिराला हा धातू भांड्यासाठी उपयोगाचा नाही, कारण निकेलमुळे तो कडक होतो आणि तांब्यासारखा ठोकून आकाराला येत नाही. मोडीचा व्यापारी वजनात, भावात आणि ‘माल मिश्र आहे’ या नावाखाली जी कपात करतो ती घरगुती विक्रेत्याला टाळता येत नाही. शिवाय हा व्यापारी स्वतः कायद्याच्या बाहेरचा व्यवहार करत असतो, त्यामुळे त्या जोखमीची किंमतही तो आपल्याकडूनच वसूल करतो.

कायद्याचा मुद्दा यातूनच येतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. नाणे कायदा, २०११ याच्या कलम १२ नुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. वितळवलेले नाणे, मग ते द्रवरूपात असो वा लगडीच्या रूपात, जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. आणि आपल्या वाजवी गरजेपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात नाणी दर्शनी किमतीखेरीज अन्य किमतीला विकण्यासाठी किंवा वितळवण्यासाठी जवळ ठेवणे हेसुद्धा त्याच कलमात येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे. वडिलांनी कौतुकाने जपलेल्या डब्यांसाठी एवढी जोखीम कोणत्याही घराने पत्करू नये.

एवढे सांगूनही कोणी म्हणेल की कायदा बाजूला ठेवला तर बचत म्हणून हा मार्ग उत्तम होता. तेही खरे नाही. दोन रुपयांची ३३३ रुपयांची नाणी १९९५ साली डब्यात न टाकता कोणी मुदत ठेवीत गुंतवली असती आणि सरासरी ७ टक्के व्याज धरले, तर तीस वर्षांत त्यांचे अडीच हजार रुपये झाले असते. डब्यातला धातू आज, संपूर्ण भाव मिळाला तरी, त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. १९८५ सालच्या १६७ रुपयांच्या नाण्यांचे चाळीस वर्षांत याच दराने सुमारे अडीच हजार होतात, म्हणजे ज्या नाण्यात दर्शनी किमतीच्या सहापट धातू आहे, तेही व्याजापुढे मागेच पडते. त्या काळात बँकांचे प्रत्यक्ष व्याजदर अनेक वर्षे ७ टक्क्यांहून अधिक होते, हे जमेस धरले तर अंतर आणखी वाढते.

वडिलांची आठवण म्हणून प्रत्येक प्रकारची थोडी नाणी अवश्य ठेवावीत. मूठभर नमुने जवळ असणे आणि वितळवण्यासाठी पोते भरून ठेवणे यांत कायदा फरक करतो, कारण तो प्रमाणही पाहतो आणि हेतूही. उरलेली नाणी बँकेत भरावीत. ती सर्व आजही कायदेशीर चलन आहेत.

प्रश्न : माझे तुळशीबागेजवळ छोटे दुकान आहे. सुट्या पैशांची ओढाताण होऊ नये म्हणून मी गल्ल्याखेरीज घरीही चार-पाच हजारांची चिल्लर ठेवतो. नाण्यांच्या साठेबाजीच्या बातम्या वाचल्या की भीती वाटते. माझ्यावर साठेबाजीचा ठपका येऊ शकतो का? (एक दुकानदार)

उत्तर : भीती बाळगण्याचे कारण नाही. ‘वाजवी गरज’ कशी ठरवायची हे कायद्यातच सांगितले आहे : त्या व्यक्तीची नाण्यांची रोजची एकूण गरज, तिच्या धंद्याचे किंवा व्यवसायाचे स्वरूप, नाणी तिच्याकडे कोणत्या मार्गाने आली आणि ती कुठे व कशी ठेवली आहेत, या सर्वांचा विचार करायचा असतो. किरकोळ विक्रीच्या दुकानात सणासुदीच्या आधी काही हजारांची मोड असणे यात संशयास्पद असे काहीच नाही. आपली नाणी गिऱ्हाइकाच्या हातात जातात आणि तेथून बाजारात फिरतात, म्हणजे कायद्याला हवे तेच आपण करत आहात. गिऱ्हाइकांकडून आलेली पांढरी जुनी नाणी कोणी वेगळी काढून जास्त दराने विकत मागू लागला, तर मात्र त्याला नकार द्यावा.

प्रश्न : जुने नाणे तांबे-निकेलचे आहे की पोलादाचे, हे घरच्या घरी ओळखता येते का? (एक विद्यार्थी, हडपसर)

उत्तर : चुंबकाने बरेचसे ओळखता येते. १९९२ पासूनचे रुपयाचे नाणे लोह आणि क्रोमियम यांच्या स्टेनलेस स्टीलचे आहे आणि ते चुंबकाला चटकन चिकटते. तांबे-निकेलचे नाणे चिकटत नाही. यात एक फसवा प्रकार आहे, तो लक्षात ठेवावा : शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटते, त्यामुळे १९६२ ते १९७४ चा रुपया चुंबकाने ओढला गेला म्हणून तो पोलादी ठरत नाही. तेथे नाण्यावरचे साल पाहावे. सालाच्या खाली बारीक खूणही दिसेल. मुंबईच्या टांकसाळीची पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, हैदराबादची चांदणी आणि नोएडाची ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. धातूच्या भावापेक्षा या खुणा जमवण्यात विद्यार्थ्याला अधिक काही शिकता येईल असे मला मनापासून वाटते आणि त्यासाठी प्रत्येक प्रकारचे एक नाणे पुरते.

प्रश्न : आजच्या नाण्यांचे काय? ज्याच्यात धातू जास्त किमतीचा आहे असे एखादे नाणे सध्या चलनात आहे का? (एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : रुपयाच्या आजच्या नाण्याबाबत उत्तर नि:संदिग्ध ‘नाही’ असे आहे. २०११ ते २०१८ चा रुपया ३.७९ ग्रॅमचा, स्टेनलेस स्टीलचा आहे आणि २०१९ पासूनचा त्याहूनही हलका आहे. एका किलोत ३.७९ ग्रॅमची सुमारे २६४ नाणी बसतात आणि त्या किलोभर पोलादाला मोडीत दोन आकडी रुपयांपलीकडे भाव येत नाही.

पाच रुपयांच्या पिवळसर नाण्याचे उदाहरण मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. २००९ ते २०१८ या काळातले हे नाणे ६ ग्रॅमचे असून त्यात तांबे ७५ टक्के, जस्त २० टक्के आणि निकेल ५ टक्के असते. तांबे ९०० रुपये, जस्त २७० रुपये आणि निकेल १,४०० रुपये किलो धरले तर एका किलोतील धातू सुमारे ७९९ रुपयांचा होतो आणि त्या किलोतील नाण्यांची दर्शनी किंमत ८३३ रुपये असते. म्हणजे धातू दर्शनी किमतीच्या अगदी जवळ येऊन ठेपला आहे. तांबे १,००० रुपयांवर गेले की धातूची किंमत ८७४ रुपये होते आणि तराजू उलटतो. दहा रुपयांच्या नाण्यात हा प्रश्न नाही. त्याचे बाहेरचे कडे तांबे, ॲल्युमिनियम आणि थोड्या निकेलचे असले तरी मधला भाग पोलादाचा आहे आणि एकूण वजन सुमारे ७.७ ग्रॅम असल्याने धातूची किंमत दर्शनी किमतीच्या निम्म्याच्याही खाली राहते.

पण तराजू उलटला म्हणून पाचाची नाणी डब्यात टाकण्यास सुरुवात करू नये. धातूची किंमत दर्शनी किमतीच्या पाच टक्क्यांनी वर जाऊन कोणाचाही फायदा होत नाही, कारण वितळवण्याचा, वाहतुकीचा आणि शुद्धीकरणाचा खर्चच त्याहून अधिक आहे. नुकसान मात्र सर्वांचे होते. बसमध्ये वाहकाकडे पाच रुपये परत द्यायला नसतात, मंडईत भाजीवालीला उरलेल्या पैशांची कोथिंबीर द्यावी लागते, आणि बाजारातून नाहीशी झालेली नाणी टांकसाळीला पुन्हा पाडावी लागतात. मुंबईच्या टांकसाळीने २०१८ साली माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार एक रुपयाचे नाणे पाडायला सरासरी १ रुपया ११ पैसे, दोन रुपयांच्या नाण्याला १ रुपया २८ पैसे, पाचाच्या नाण्याला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाच्या नाण्याला ५ रुपये ५४ पैसे खर्च येत होता. घरोघरच्या डब्यांत अडकलेल्या प्रत्येक नाण्याच्या बदल्यात हा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच करातून, दुसऱ्यांदा होतो. मला ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

प्रश्न : आमचे आजोबा युद्धकाळातला भोकाचा पैसा दाखवून सांगत की लोक तो वॉशर म्हणून वापरत. चांदीचे रुपये तर लोकांनी पुरूनच ठेवले, असेही ते म्हणत. धातूसाठी नाणी दडवण्याची ही सवय इतकी जुनी आहे का? (एक वाचिका, नारायण पेठ)

उत्तर : त्याहूनही जुनी आहे. पेशवाईत पुण्याच्या बाजारात अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये एकाच वेळी चालत आणि सराफ त्यांचा कस व वजन पाहून बट्टा लावत असत. नाण्याची किंमत मुख्यत्वे त्यातल्या चांदीवर ठरत असे, म्हणून कसाचा रुपया घरात ठेवून हलका रुपया पुढे सरकवणे ही प्रत्येकाचीच रीत होती. ब्रिटिशांच्या काळात सर्वत्र एकाच वजनाचा रुपया आला : ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा.

या रुपयाची खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. रुपयाचा विनिमयदर तेव्हा १६ पेन्सवर बांधलेला होता. लंडनच्या बाजारात चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की रुपयातली चांदी खुद्द रुपयापेक्षा महाग होत असे, आणि १९१७ साली नेमके तेच घडले. रुपये चलनातून दिसेनासे होऊ लागले. सरकारने नाणी चलनाखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास बंदी केली, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली आणि त्यापाठोपाठ अडीच रुपयांचीही नोट आणली. लहान नाण्यांतली चांदी वाचवण्यासाठी दोन, चार आणि आठ आण्यांची तांबे-निकेलची नाणी १९१८-१९ मध्ये पाडली गेली. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये आपले चांदीचे डॉलर वितळवून त्यातली सुमारे वीस कोटी औंस चांदी भारतासाठी विकली. भारतातल्या घरांत आणि जमिनीत गेलेले रुपये भरून काढण्यासाठी दुसऱ्या देशाची नाणी वितळली, एवढा त्या साठवणुकीचा आवाका होता.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि लोक नोटा देऊन नाणी मागू लागले. जून १९४० मध्ये सरकारने वैयक्तिक किंवा व्यवसायाच्या गरजेपेक्षा जास्त नाणी मिळवणे हा गुन्हा ठरवला. आजच्या कायद्यातील ‘वाजवी गरजे’ची कल्पना तेथेही दिसते. त्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर आणली गेली आणि १९४७ मध्ये चांदी पूर्णपणे जाऊन निकेलचा रुपया आला. आजोबांचा भोकाचा पैसा १९४३ चा किंवा त्यानंतरचा. आधीचा पैसा सुमारे ४.८६ ग्रॅमचा होता, भोकाचा पैसा सुमारे २ ग्रॅमचा. युद्धात तांब्याची टंचाई असताना निम्म्याहून कमी धातूत पैसा पाडण्याचा तो मार्ग होता. त्या काळी सुट्या पैशांची चणचण इतकी होती की अनेक संस्थानांनी आपापली कागदी कुपने काढली.

स्वातंत्र्यानंतरही लहान नाणी टिपून वितळवण्याचे प्रकार थांबले नाहीत, म्हणून १९७१ मध्ये लहान नाण्यांसंबंधीच्या गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. २०११ चा नाणे कायदा आला तेव्हा तो रद्द होऊन त्याचा आशय नव्या कायद्यात आला. २००७ साली भारतीय रुपयाची नाणी बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती केली जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि एका रुपयाच्या नाण्यातून पाच ते सात पाती निघतात असे त्यांत म्हटले होते. तो रुपया तर साध्या स्टेनलेस स्टीलचा होता. त्या सुमारास पूर्वेकडे चिल्लरीची इतकी ओढाताण झाली की आसामच्या काही चहामळ्यांत मजुरांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या चालवाव्या लागल्या. दडवलेल्या नाण्याची झळ शेवटी रोजंदारीवर जगणाऱ्यालाच पोहोचते, आणि म्हणून मी ही सवय निरुपद्रवी मानत नाही.

आजोबांचे चांदीचे रुपये कुटुंबात असतील तर त्यांबाबत दोन गोष्टी. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, तर १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात ५.८ ग्रॅमच, त्यामुळे सराफाकडे दाखवताना साल पाहून दोन्ही वेगळे काढावेत. आणि वाड्याचा पाया खणताना जमिनीत नाणी सापडली तर ती घरची समजून वाटून घेऊ नयेत. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

प्रश्न : कमळाचे चित्र असलेल्या वीस पैशांच्या पिवळ्या नाण्यात सोने असते म्हणून माझ्या सासूबाई ती देवघरात ठेवतात. हे खरे आहे का? (एक वाचिका, धनकवडी)

उत्तर : नाही. १९६८ ते १९७१ या काळातले हे नाणे ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मिश्रधातूचे आहे आणि त्याचा पिवळा रंग त्या मिश्रणाचा आहे. २५ पैसे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली, त्यामुळे ते आता बाजारातही चालत नाही. देवघरात लक्ष्मीचे कमळ म्हणून ते ठेवायला कोणाचीच हरकत नाही. सासूबाईंनी ते तसेच ठेवावे.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो तेथील पाच सेंटची नाणी पेट्या भरून साठवतो आणि मलाही येथे तसे करायला सांगतो. तेथे हे कायदेशीर आहे का? (एक वाचक, औंध)

उत्तर : भावाच्या हिशेबाचा पाया आपल्याला ओळखीचाच आहे. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे ५ ग्रॅमचे असून त्यात तांबे ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के असते, म्हणजे आपल्या नकाशाच्या दोन रुपयांचाच मिश्रधातू. त्यांच्या एक सेंटच्या नाण्यात १९८२ पर्यंत ९५ टक्के तांबे होते. त्यानंतर ते मुख्यत्वे जस्ताचे झाले आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे चलनासाठीचे उत्पादन थांबवण्यात आले. धातूचे भाव वाढल्यामुळे अमेरिकेच्या टांकसाळीने डिसेंबर २००६ मध्ये एक आणि पाच सेंटची नाणी वितळवण्यावर आणि मोठ्या प्रमाणात देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नुसते साठवून ठेवण्यास तेथे बंदी नाही, आणि साठवणारे लोक ही बंदी कधीतरी उठेल या आशेवर बसलेले आहेत.

आपल्याकडचा कायदा याहून कडक आहे, कारण तो वितळवण्यापूर्वीच्या टप्प्यावर, म्हणजे विकण्याच्या किंवा वितळवण्याच्या हेतूने गरजेपेक्षा बरीच जास्त नाणी बाळगण्यावरही लागू होतो. म्हणून भावाचा सल्ला तेथे कितीही निर्धास्त वाटला तरी येथे तो मानू नये. तांब्याच्या किंवा निकेलच्या भाववाढीत भाग घ्यायचाच असेल तर वायदे बाजारासारखे कायदेशीर मार्ग आहेत. त्यांतली जोखीम समजून घेतल्याखेरीज तेथेही पाऊल टाकू नये.

प्रश्न : वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख रुपये मिळतील असा संदेश मला फोनवर आला आहे. आधी नोंदणीचे पैसे भरायचे आहेत. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : एक रुपयाही भरू नये. अशा जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातो. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असा इशारा तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. हे नाणे लाखोंच्या संख्येने पाडलेले आहे. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी, कारण जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी होते.

प्रश्न : तुमचा सल्ला ऐकून नाणी बँकेत भरायला गेलो, तर शाखेत ‘मोजायला माणूस नाही’ म्हणून परत पाठवले. आता काय करावे? (एक वाचक, विश्रांतवाडी)

उत्तर : चलनात असलेली नाणी स्वीकारण्यास कोणत्याही बँकेच्या शाखेने नकार देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ग्राहकाने खात्यात किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घेणे अधिक चांगले, असेही तिने सुचवले आहे. शंभर-शंभर नाण्यांच्या पारदर्शक पिशव्या करून नेल्या तर रोखपालाचे काम हलके होते आणि नकाराचे कारणही उरत नाही. मूल्यानुसार आणि धातूनुसार नाणी आधीच वेगळी करावीत. पाच रुपयांची जुनी जड आणि नवी हलकी नाणी एकाच पिशवीत असतील तर वजन जुळत नाही आणि सगळी पिशवी पुन्हा मोजावी लागते. महिन्याचे पहिले आठवडे टाळून, दुपारी गर्दी ओसरल्यावर जावे.

दुकानदाराला नाण्यांत पैसे देण्याबाबतची मर्यादा वेगळी आहे. रुपयाची आणि त्यावरील नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन ठरतात. त्यापेक्षा जास्त घेणे दुकानदाराच्या मर्जीवर आहे.

शाखेने पुन्हा नकार दिला तर लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. तक्रारीत शाखेचे नाव, तारीख आणि किती मूल्याची किती नाणी नेली होती हे लिहावे आणि पोचीची प्रत जोडावी.